आईच्या गोळ्या

धारूर, जि. बीड

प्रिय मंगल,

तुझं पत्र येऊन महिना झाला. "आई कशी आहेत?" एवढ्याचंच उत्तर सुचेना. गावात मी पाठीचं दुखणं सांगते. तुला खरं सांगते.

आईची गर्भाची पिशवी पस्तिशीतच काढली, कोयता, म्हणजे ऊसतोडीचं काम, बुडू नये म्हणून. २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरातलं ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यात मला धरलंय का?" ऑपरेशननंतर अंगाची आग, झोप नाही. कुणीतरी अल्प्राझोलाम लिहून दिली, झोप आणणारी गोळी. चिठ्ठी एकदाच, गोळ्या अकरा वर्षं. चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायची नाही म्हणे! मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेना, पण गोळी कधी कमी पडली नाही.

दिवाळीत कणगीत हात घातला तर ज्वारीखाली रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा. लेकीच्या सहलीचे पैसे कुठं गेले तेही तेव्हाच कळलं. डोकं फिरलं माझं. होत्या तेवढ्या गोळ्या चुलीत घातल्या, वर दोन दिवस तोऱ्यात वावरले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आईला फिट आली. दातखीळ, डोळे पांढरे, हात पिठातच. अंबाजोगाईला डॉक्टरांनी विचारलं, "गोळी एकदम कुणी बंद केली?" ही गोळी हळूहळू उतरवायची असते, मंगल. एकदम तोडली तर जीवावर बेतू शकतं.

आता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा डोस उतरतो. तुकडे मीच ब्लेडने करते. हातावर ठेवला की आई माझ्याकडे बघत नाही, तुकड्याकडे बघते. मध्ये एकदा तिने शेजारणीकडून दोन गोळ्या आणल्याच. मी बोलले नाही, रडले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी वेगळा विभाग आहे, निशिगंध. दादाला सांगितलं तर म्हणतो, "बाईमाणसाला कसलं आलंय व्यसन?" त्याने येणंच सोडलंय. दारू पिऊन पडणाऱ्या मामाला मात्र स्वतः गाडीवर घालून आणायचा.

परवा आईनेच डबा पुढं केला. "तुह्याजवळ ठिव. मह्यावर मलाच भरवसा नाही." मी कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवलीय, कूस बदलली की टोचते.

पोळ्याला ये. गोळ्यांचं काही विचारू नकोस, तिला ठेचा करायला सांग. तेवढ्यापुरती ती पहिल्यासारखी खेकसते.

तुझी,
शोभा