रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय कुठे?

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी अक्कलकोट रोडच्या बाजूला एका कारखान्यात शाळेचे युनिफॉर्म शिवते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक बाईच्या पिशवीत डब्याशेजारी एक प्लास्टिकची फाइल असते. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, मानेचा एक्स-रे. दुपारच्या सुट्टीत त्या फायली एकमेकींना दाखवल्या जातात आणि बहुतेकींच्या कागदांवर एकच गोष्ट लिहिलेली असते, की सगळं नॉर्मल आहे. दुखणं मात्र तसंच. या 'नॉर्मल'नंतर बाईने जायचं कुठे, हे आपल्या सोलापुरात कोणी सांगत नाही. त्यासाठीच हे पत्र.

माझं उदाहरण देते. मे २०२१ मध्ये माझे वडील कोरोनाने गेले. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मशीनवर होते, शर्टाला कॉलर लावत होते. हात मोकळे नव्हते म्हणून फोन उजव्या खांद्यात आणि कानात दाबून धरला होता. बातमी ऐकली, फोन ठेवला, आणि सांगायला वाईट वाटतं, पण ती कॉलर पुरी केली. वडिलांचं तोंड बघायला मिळालं नाही. घरी आई, धाकटा भाऊ, सगळ्यांना सांभाळायचं म्हणून मी रडलेही नाही. बाया म्हणाल्या, किती खंबीर आहेस.

दोनेक महिन्यांत उजवा खांदा आखडला. मग रात्री छातीत धडधड सुरू झाली. श्वास अर्ध्यावर अडकायचा, हाताला मुंग्या यायच्या, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. दीड वर्ष दवाखाने केले. भिशीचे पैसे त्यातच गेले. शेवटी एका डॉक्टरांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "तुम्हाला काही झालेलं नाही. मनाचं आहे सगळं. टेन्शन घेऊ नका."

त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं दुखण्यानेही लागलं नव्हतं. 'मनाचं आहे' हे आपल्याकडे 'खोटं आहे' याच अर्थाने म्हटलं जातं. घरच्यांनीही तोच अर्थ घेतला. आणि टेन्शनचं म्हणाल तर आमच्या मशीनवर धाग्याचं टेन्शन कमी-जास्त करायची चकती असते. धागा फार आवळला तर कापडाला चुण्या पडतात, शेवटी तुटतो. नव्या मुलीला आम्ही नुसतं 'टेन्शन कमी कर' असं म्हणत नाही, चकती कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवायची ते हात धरून दाखवतो. माणसाच्या बाबतीत एवढं तरी कोणी करावं की नाही?

माझं नशीब, की मला एक समुपदेशक ताई भेटल्या. पहिल्या दोन वेळेस त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी मी फोनचं सांगत होते, तर त्या हळूच म्हणाल्या, "जरा थांबा. आत्ता हे सांगताना तुमचा उजवा खांदा कुठे आहे बघा." बघितलं तर खांदा पार कानाजवळ. फोन नव्हता, पण मान तशीच वाकडी, आणि श्वास रोखलेला. दीड वर्ष मी रोज तशी बसत असणार आणि मला पत्ताच नव्हता. त्यांनी खांदा खाली घ्यायला सांगितलं नाही. उलट म्हणाल्या, अजून थोडा वर घ्या, मुद्दाम, आणि मग सावकाश सोडा. तो सोडताना मला जे रडू आलं, ते वडील गेल्यापासूनचं पहिलं रडू.

मी त्यांना विचारलं, म्हणजे दुःख खांद्यात साठून बसलं होतं का? त्यांनी सरळ सांगितलं की असं काही गाठोडं स्नायूत सापडत नाही. पण धोका दिसला की शरीर झुंजायची किंवा पळायची तयारी करतं. अॅड्रेनालिन नावाचं संप्रेरक वाढतं, काळीज जोरात चालतं, श्वास वरवरचा होतो, स्नायू आवळतात. ही तयारी थोड्या वेळापुरती असते. माणसाला ना पळता आलं, ना रडता आलं, तर धोका टळलाय हे शरीराला कळायला कधीकधी फार काळ जातो. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच हाताला मुंग्या येतात, हेही तेव्हाच कळलं. त्या मुंग्यांना मी हार्ट अटॅक समजत होते. उलट श्वास सावकाश, लांब सोडला की मेंदूकडून काळजापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस ठोके हळू करते. घेताना चार आकडे, सोडताना सहा. अजूनही मशीन सुरू करायच्या आधी मी हे करते.

यात नवीन फॅड काही नाही. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच एकेक स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत रुग्णांना शिकवली. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ युजीन जेंडलिन यांनी उपचारांच्या बैठकींचं ध्वनिमुद्रण ऐकून पाहिलं, तर गुण आलेली माणसं फार छान बोलणारी नव्हती. बोलता बोलता अडखळून, आत नेमकं काय होतंय ते चाचपडणारी होती. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या दवाखान्यात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, असा त्यातला एक भाग आहे. विपश्यना केलेल्याला तो ओळखीचा वाटेल. आणि आपली भाषा तर पहिल्यापासून हेच सांगते. पोटात गोळा येतो, घशात आवंढा अडकतो, हातपाय गळतात, काळजात चर्र होतं. दुखणं 'अंगावर काढायची' सवय तर आम्हा बायकांच्या हाडीमाशी खिळलेली आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. छातीत दुखलं तर आधी तपासणीच करा. माझ्याही तपासण्या झाल्या होत्या म्हणून पुढचं काम निर्धास्त करता आलं. खांद्यासाठी मी फिजिओथेरपीही घेतली, कारण रोज आठ तास वाकून शिवल्याचा भार त्यात होताच. आमच्यातल्या एकीला मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि तिला त्यांचीच गरज होती. शरीरावर भर देणाऱ्या सगळ्याच पद्धतींचं संशोधन सारखं पक्कं नाही. कुठे बरंच आहे, कुठे अजून तोकडं. ताई स्वतः हे सांगतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

विश्वास बसू नये असेही लोक आहेत. आमच्या कारखान्यातली एक मैत्रीण दोन दिवसांच्या शिबिराला गेली होती. हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, मोठ्याने गाणी, डोळे मिटा, सगळं ओरडून बाहेर काढा. तिच्या लहानपणी जे घडलं होतं ते सगळं एकदम वर आलं, आणि सायंकाळी प्रमाणपत्र देऊन तिला घरी पाठवलं. नंतर आठ दिवस ती झोपली नाही, चौकशीलाही कोणी फोन केला नाही. जखम उघडायची तर मलमपट्टी करणारा शेजारी हवा. म्हणून वाचकांना सांगते, समोरच्याचं शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. न विचारता अंगाला हात लावणारा, औषधं बंद करा म्हणणारा, अमुक बैठकींत बरं करतो अशी हमी देणारा असेल तर तिथून उठून या.

आता मागणी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळवायचा हक्क दिला आहे. आरोग्य विम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं, असं तोच कायदा सांगतो. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, पण तिथे जायचं तर कामगार बाईचा खाडा पडतो, आणि 'मनाच्या ओपीडी'त कोणी बघितलं तर, ही भीती वेगळी. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत आणि बिडी कामगारांच्या दवाखान्यांत आठवड्यातून एकदा तरी, संध्याकाळी सहानंतर, प्रशिक्षित समुपदेशक बसवावा. वेगळी पाटी नको. बीपी-शुगर तपासतात त्याच खोलीच्या शेजारी बसवा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टरांनी 'काही नाही' म्हणायच्या ऐवजी चिठ्ठी लिहून त्या खोलीत पाठवावं.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या नंबरवर चोवीस तास. आमच्या कारखान्यात तो एकीलाही माहीत नव्हता. राशिभविष्याच्या खाली एका ओळीत तो रोज छापाल का? पेपरातलं भविष्य आमच्याकडे सगळ्याजणी वाचतात.

फोनवर सगळं होणार नाही, हेही खरं. खांदा कानाजवळ गेलाय हे दिसायला माणूस समोर लागतं. आणि तो आपल्या भाषेचा लागतो. पूर्व भागातल्या हजारो घरांसारखं आमच्याही घरात तेलुगू बोलतात. माझी आई चाळीस वर्षं बिड्या वळते आहे. मांडीवर सूप, मान खाली, दिवसाला हजार बिड्या व्हायच्या. वडील गेल्यापासून तिच्या पोटात सारखी आग होते. एंडोस्कोपी केली, तीही नॉर्मल. तिला बाजारापुरतं, कारखान्यात माल देण्यापुरतं मराठी येतं. पोटातली आग कशी आहे, कधी उठते, ती उठते तेव्हा कोण आठवतं, हे तिला तेलुगूतच सांगता येईल. म्हणून पूर्व भागातल्या केंद्रात तेलुगू जाणणारा समुपदेशक हवा, आणि ही मागणी मी सगळ्यांत वर ठेवते.

तोवर येत्या सोमवारी आईला मी माझ्याच ताईंकडे नेणार आहे. शेजारी बसून तिचं बोलणं मराठीत सांगेन म्हणते. पण वडिलांबद्दल आई लेकीसमोर किती बोलेल, ते मला माहीत नाही.

आपली नम्र,
युनिफॉर्म शिवणारी एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर

(नाव छापायला माझी हरकत नव्हती, आईची आहे. कृपया तिचा मान ठेवावा.)