तुझ्या गाडीच्या किल्लीविषयी

नागपूर, १४ जून

प्रिय विनोद,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "रिमोट दोन-तीनदा दाबावा लागतो, पण चालतो बे." तेव्हापासून मन लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. चालतो म्हणून सोडू नको, राजा. मी तेच केलं होतं.

आधी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बटण दाबलं तरी खाली गाडीचे इंडिकेटर लुकलुकायचे. एप्रिलात फाटकापर्यंत उतरावं लागू लागलं, मग गाडीला खेटून उभं राहावं लागे. दिसत होतं, पण मनावर घेतलं नाही. मे महिन्यात एका रात्री धंतोलीत आईला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. अकरा वाजलेले, हवा अजून भट्टीसारखी, आई व्हीलचेअरवर, आणि गाडी उघडेना! शेजारच्या गाडीवाल्या काकांनी रिमोटची खिटी सरकवून आतली लोखंडी किल्ली काढून दिली. इतकी वर्षं खिशात होती, मला पत्ता नव्हता. मग रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला, तेव्हा गाडी सुरू झाली. इतक्या जवळ असला की आतल्या चिपला गाडीच वीज पुरवते. आईचा घामेजलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

रिमोटमधला सेल संपला होता. हा लिथियमचा सेल बराच काळ ३ व्होल्टच्या आसपास टिकतो आणि शेवटी भरकन उतरतो. म्हणून अंतर घटू लागलं की फार दिवस उरलेले नसतात. उन्हात गाडीत किल्ली ठेवली तर तो लवकर संपतो. तुझी दुसरी किल्ली त्याच जागेवरून दाबून बघ. ती दुरून चालली तर दोष बहुतेक सेलचाच.

जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा घे. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. सीआर२०२५ तेवढाच रुंद, पण पातळ, तो ढिला बसतो. अधिकची (+) बाजू जुन्यासारखीच ठेव.

आणि हे विसरू नको: जुना सेल दोन्हीकडून टेप लावून मनूच्या हाती लागणार नाही असा ठेव. लेकराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळतो. तशी नुसती शंका आली तरी तडक दवाखाना गाठायचा.

रविवारी बर्डीवर जाणार आहे. आकडा कळव, तुझ्यासाठीही दोन घेऊन ठेवतो.

तुझा,
प्रकाश