मेज बरं होतं, मेस्त!

ती. मेस्तमामा यांस सा. नमस्कार.

माझ्या होडीतल्या मेजाचं काम झालं त्या संध्याकाळी मी फोनवर ‘देव बरें करूं’ म्हणून आभार मानले, तर तुम्ही ‘बरें बरें’ म्हणून फोन ठेवूनच दिलात. म्हणून आता चारचौघांत लिहितो.

दिवस जूनचे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे ट्रॉलर दुरुस्तीला वर ओढलेले आणि मेस्त लोकांना, म्हणजे सुतारांना, मान वर करायला फुरसत नाही. त्यात माझं काम काय, तर ब्रिटोनाजवळ मांडवीत नांगरलेल्या जुन्या शिडाच्या होडीतलं घडीचं मेज डगडगतं! सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होत होतं. एकाने नव्या मेजाचा भाव सांगून मला वाटेला लावलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘कितले दीस जाले?’

तीन पावसाळे, मामा. एक बाजू बिजागऱ्यांनी आडभिंतीला आणि दुसरी एका घडीच्या पायावर, असं ते मेज. फेरीबोट गेली की मागून येणाऱ्या लाटेला ते असं झुलायचं की बायको एका गुडघ्याने पाय दाबून धरूनच जेवायची. एकदा हुमणाची, म्हणजे माशाच्या आमटीची, वाटी थेट नकाशावर सांडली. दर वर्षी मी पायाच्या पट्टीचे स्क्रू काढून आणखी जाडे घालायचो. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. शेवटी पायाखाली पुठ्ठ्याची घडी! (ती तुम्ही दोन बोटांत धरून बाहेर फेकलीत, काही न बोलता. तेवढं पुरे होतं.)

तुम्ही मेजाला हातही लावला नाहीत. गुडघ्यावर बसून पेचकसाच्या मुठीने जमिनीची फळी वाजवत गेलात. टक, टक, टक, आणि पायापाशी एकदम भद्द. ‘मेज बरें आसा. फळी कुसल्या.’

मी जाडे स्क्रू घालत होतो ते कुजक्या प्लायमध्ये. पण तुम्ही तिथेही थांबला नाहीत. पाणी येतं कुठून, हे शोधत डोलकाठीच्या बुडाशी गेलात. आमची डोलकाठी छतातून आरपार थेट तळापर्यंत उतरते. पोकळ ॲल्युमिनियमची ती, पावसाचं पाणी तिच्या आतूनच खाली येतं. बुडाचं निचऱ्याचं भोक गाळाने बुजलेलं, म्हणून पाणी साचून फळीखाली मुरायचं. तारेने तुम्ही ते मोकळं केलंत आणि काळं पाणी भळाभळा वाहिलं. माझ्या नाकाला तो वास अजून आठवतो.

मग कुजका तुकडा कापून नवा मरीन प्लाय बसवला. त्याच्या कडा आधी एपॉक्सीत, म्हणजे कालवल्यावर कडक होणाऱ्या राळेत, भिजवल्या, कारण प्लाय पाणी पितो तो जास्त करून कडेनेच. खालून सागाचा ठोकळा, रुंद वॉशर, आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, तेही खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणाऱ्या ३१६ स्टीलचे. आडभिंतीतली बिजागऱ्यांची सैल भोकं मुद्दाम मोठी करून घट्ट कालवलेल्या एपॉक्सीने भरलीत आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवी भोकं पाडलीत. ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केलीत, भिंतीपलीकडे वायरी आहेत म्हणून. ओल्या हवेत एपॉक्सीवर चिकट थर धरतो, तो साध्या पाण्याने धुवून काढायचा, हेही मला तिथेच कळलं. मी तो पॉलिशपेपरने घासायला निघालो होतो.

सगळं झाल्यावर तुम्ही मेजाच्या कोपऱ्यावर कंबर टेकून पूर्ण भार टाकलात. मी ‘अहो, मामा!’ म्हणून ओरडलो. तुमचं म्हणणं असं की होडी कलंडली की माणूस पहिला हात घालतो तो मेजाला. म्हणून होडीतलं मेज ताटाच्या भारावर नाही, माणसाच्या भारावर बांधायचं. मी इतकी वर्षं होडी चालवतो, आणि त्या मेजाकडे फक्त जेवणाची जागा म्हणून बघत होतो.

एक तक्रार उरली आहे. मेजाच्या दुमडत्या पानाची बिजागरी रात्री किटकिट करते. स्क्रू पिळायला हात शिवशिवतात, पण अजून हात लावलेला नाही. चवथ झाली की या. जेवायलाच या, बिजागरी मग बघू.

आपला,
ब्रिटोनाचा होडीवाला