तो मुकुट डच राजाचा नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ॲमस्टरडॅमच्या कालव्याचे जुने छापचित्र आले आहे. मागे उभा आहे तो वेस्टरकेर्क या चर्चचा मनोरा. त्याखाली ‘माथ्यावर डच राजाचा मुकुट’ अशी ओळ आहे, ती चुकली. मनोरा १६३८ साली पुरा झाला तेव्हा डचांना राजा नव्हता, तिथे प्रजासत्ताक होते. मुकुट हॅब्सबर्ग या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनचा. शहराने केलेल्या मदतीबद्दल त्याने १४८९ मध्ये आपला मुकुट शहराच्या मानचिन्हावर, तीन तिरक्या फुल्यांच्या वर, मिरवायची मुभा दिली. पुढे तो सम्राट झाला, मग मुकुटही बादशाही झाला.

गंमत अशी, की मनोरा बांधला जात होता तेव्हा डचांचे स्पेनच्या हॅब्सबर्गांशीच युद्ध चालू होते. ते मिटले १६४८ मध्ये. मॅक्सिमिलियन कॅथलिक, चर्च प्रोटेस्टंटांचे. तरीही मुकुट खाली उतरला नाही. व्यापाऱ्यांचे शहर ते, मिळालेला मान सोडते कशाला! आपल्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चकडे पाहायची सवय असलेल्या माझ्यासारख्या ठाणेकराला चर्चच्या माथ्यावर मुकुट हा प्रकारच नवलाचा वाटला.

आणखी एक. मी उमेदीची वर्षे छापखान्यांसाठी झिंकचे ब्लॉक, म्हणजे चित्रांचे उलटे ठसे, बनवले, त्यामुळे उलटे वाचायची खोड आहे. असल्या छापचित्रासाठी तांब्याच्या पत्र्यावर समोरचे दृश्य जसेच्या तसे कोरले की कागदावर डावे-उजवे बदलते. डच चित्रकार रेम्ब्रांटनेही ॲमस्टरडॅमचे दृश्य असेच कोरले, ते कागदावर उलटे उतरले. तुमच्या चित्रात पुलावरच्या दोघांच्या तलवारी भिंगातून उजव्या कमरेला दिसतात. उजव्या हाताने उपसायची तलवार डावीकडे लटकवतात. तेव्हा कालव्याचा हा काठ बहुधा पलीकडचा असावा. मूळ चित्र कुणाकडून मिळाले, ते तपासून पाहावे.

चित्रासोबतच्या लेखात कालव्याकाठच्या घरांविषयी मात्र अवाक्षर नाही. १५७८ नंतर ॲमस्टरडॅममध्ये कॅथलिकांना उघड उपासनेला बंदी होती. म्हणून बाहेरून साध्या दिसणाऱ्या घरांत चर्च थाटली गेली. त्यातले एक, १६६३ चे, एका घराच्या माळ्यावर आहे आणि आज ते संग्रहालय म्हणून पाहता येते. त्याच्यावर स्वतंत्र लेख आला तर वाचायला आवडेल. चित्र मात्र जरा मोठे छापा, तीन बोटांच्या जागेत मनोरे बसत नाहीत.

— एक निवृत्त ब्लॉकमेकर, नौपाडा, ठाणे (प.)