टाइप हिंट म्हणजे तपासणी नव्हे

महोदय,

नाशिकमधील पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या शिकवण्यांत आणि महाविद्यालयांत क्लास (माहिती आणि तिच्यावरचे काम एकत्र बांधणारा कोडचा साचा) कसा लिहावा हे चांगले शिकवतात, त्यात शिरणारी माहिती कशी तपासावी हे मात्र राहून जाते. लासलगावच्या कांदा लिलावाची पावती घ्या. तिच्या क्लासच्या इनिटमध्ये, म्हणजे नवी पावती तयार होताना चालणाऱ्या भागात, ‘वजन: फ्लोट’ (फ्लोट म्हणजे दशांश संख्या) लिहिले की आकडाच येणार, असे विद्यार्थी धरून चालतात. प्रकार सांगणाऱ्या अशा खुणा, म्हणजे टाइप हिंट, २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून आहेत, पण प्रोग्राम चालताना पायथॉन त्यांच्याकडे पाहत नाही. डेटाक्लास, म्हणजे इनिट आपोआप लिहून देणारी सोय, तीही पाहत नाही. मायपाय हे तपासणीचे साधन चुका दाखवते, पण कोड वाचून. प्रोग्राम वापरणारा काय टाइप करील हे त्याला कसे कळणार?

इनपुटमधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप करून, आलेले ‘१२’ ही स्ट्रिंग (अक्षरांची माळ) असते, संख्या नव्हे. क्विंटलचा दर १५०० धरून गुणले तर पायथॉन कुरकुरसुद्धा करत नाही. ‘१२’ पंधराशे वेळा जोडून तीन हजार अक्षरांची स्ट्रिंग हाती देतो. दर १५००.५० असता तर टाइपएरर (चुकीच्या प्रकाराची त्रुटी) आला असता. म्हणजे चूक पकडली जाणे दरातल्या पैशांवर अवलंबून!

म्हणून इनपुट घेतानाच फ्लोट() लावून त्याची संख्या करावी. ते देवनागरी अंकही बिनतक्रार घेते. मात्र रोमन लिपीत ‘नॅन’ (‘संख्या नाही’ अशी खूण) टाइप केले तर तेही चालवून घेते, आणि ‘वजन <= ०’ ही अट त्याला अडवत नाही, कारण नॅनशी अशी कुठलीही तुलना खोटीच ठरते. तिथे किंमत खरी, मर्यादित संख्या आहे का हे पाहणारे मॅथ.इजफायनाइट लागते.

क्लासमध्ये आधी प्रकार तपासावा, मग मर्यादा. पहिल्याला टाइपएरर, दुसऱ्याला व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची त्रुटी) द्यावा. प्रकार तपासणाऱ्या इजइन्स्टन्समध्ये इंट (पूर्णांक) आणि फ्लोट दोन्ही द्यावेत, नाहीतर साधे १२ नाकारले जाते. बूल (ट्रू-फॉल्स, म्हणजे खरे-खोटे) हा इंटचाच उपवर्ग असल्याने ट्रू वेगळे अडवावे. या कामाला असर्ट (अट खोटी ठरली तर त्रुटी देणारी ओळ) वापरू नये. पायथॉन ‘-ओ’ हा पर्याय लावून चालवला की त्या ओळी गळतात.

तपासणी फक्त इनिटमध्ये ठेवली तर नंतर ‘पावती.वजन = -५’ सहज चालते. ती प्रॉपर्टीच्या सेटरमध्ये, म्हणजे किंमत भरताना दरवेळी चालणाऱ्या भागात, हवी आणि इनिटनेही सेटरमार्फतच किंमत भरावी. सेटरच्या आत मात्र अंडरस्कोरने (_) सुरू होणारे नाव वापरावे, नाहीतर सेटर स्वतःलाच बोलावत राहतो आणि रिकर्शनएरर येतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी प्रोग्रामला रिकामी ओळ, उणे पाच आणि अक्षरी ‘बारा’ एवढे तरी देऊन पाहावे, आणि त्याला गुण ठेवावेत.

– एक वाचक, नाशिक