मानेवाडा रोडच्या औषधवाल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला, तुमचं शटर अर्धं खाली आलं असताना, स्वेटर-टोपी-मोज्यांत गुंडाळलेलं पोरगं खांद्यावर टाकून धावत आलेली बाई मीच. ताप 103, नवरा बुटीबोरीला नाइटवर, सासूबाई गावी. आल्या आल्या म्हटलं, "ती स्ट्राँगवाली बाटली द्या, दोन औषधं एकत्र असलेली."

तुम्ही कपाटाकडे वळलाच नाहीत. "पहिले स्वेटर काढ त्याचं. शिजवून राहिली का पोट्ट्याले?"

मग वजन विचारलंत. मी वय सांगितलं, अडीच. "वय नाही, वजन." दुकानाच्या दारातल्या काट्यावर मला पोरासकट उभं केलं, मग त्याला स्वतःच्या कडेवर घेऊन मला एकटीला. फरक बारा किलो. (माझा आकडा वाचून तुम्ही काही बोलला नाहीत, त्याचेही आभार.)

घरी काय आहे विचारलंत तेव्हा मी सहज म्हटलं, लहानपणीचे ड्रॉप्स आहेत, पाच एमएल देणारच होते. सिरप पाच एमएल देतात, म्हणून तेही तेवढंच, असा माझा हिशेब. तुम्ही औषधाची खाकी पुडी उलटी केली आणि बॉलपेनने लिहिलंत: सिरपच्या 5 एमएलमध्ये 120 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ड्रॉप्सच्या 1 एमएलमध्येच 100. किलोला जास्तीत जास्त 15, म्हणजे बारा किलोला 180. मी 500 पाजायला निघाले होते. त्या आकड्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात. माझे पायच गळाले.

स्ट्राँगवाली, म्हणजे पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असलेली, शेवटपर्यंत दिली नाहीत. "डेंग्यूचे दिवस हायेत. रक्त तपासल्याबिगर आयब्युप्रोफेन नाही. त्यानं रक्तस्राव वाढू शकते." सिरप दिलंत, सहा तासांच्या आत पुन्हा नको म्हणालात. मी फ्रीजच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते, त्याही बंद करवल्यात. गार पाण्यानं पोर कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो म्हणे. सू थांबली, सुस्त पडला, श्वास जोरात चालला, तर सकाळची वाट पाहायची नाही, थेट मेडिकल गाठायचं. घाबरलेल्या मला वाटलं, मेडिकलमध्येच तर उभी आहे! तुम्ही सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल म्हणत होता.

सकाळी डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला नाही. दीर म्हणाले, मग ती बाटली दिली असती तरी काय बिघडलं असतं? त्यांना त्या रात्री काटा, पुडी, काहीच दिसलं नव्हतं. मी वाद घातला नाही.

निघताना तुम्ही विचारलं होतं, "कुलरचं पाणी काढलं का?" उन्हाळ्यापासून गॅलरीत तसाच उभा होता. दुसऱ्या दिवशी टाकीवर टॉर्च मारला तर अळ्या वळवळत होत्या. आता टाकी कोरडी, खसही काढली.

पुडी फ्रीजला चिकटवली आहे. तुमचे 42 रुपये मात्र बाकी आहेत, त्या रात्री नेटवर्क नव्हतं आणि तुम्ही "जा आधी घरी" म्हणालात. तान्ह्या पोळ्याला पोरगं लाकडी नंदी घेऊन तुमच्या दुकानावर येईल, तेव्हा पैसे आणते. त्याच्या खाऊचा बोजारा तयार ठेवा. तो आतापासूनच "औषधवाले आबा" म्हणून घोकतोय.

तुमची,
बारा किलोवाल्याची आई