शाळेतला गणपती

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथल्या सरकारी शाळेत प्रार्थना चालत नाही म्हणतेस, मग तुमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये कसा बसला?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

हॉल शनिवार-रविवारी सगळ्यांनाच भाड्याने मिळतो. आमच्या आरतीला जे भाडं, तेच रविवारी तिथे भरणाऱ्या कोरियन चर्चला. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्ड गावच्या शाळेने मुलांच्या एका ख्रिस्ती क्लबला शाळा सुटल्यावर जागा नाकारली होती. २००१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जागा इतरांना देता, तर केवळ धर्माचं बोलतात म्हणून यांना नाकारता येणार नाही. आमच्या गणपतीलाही तोच न्याय. निरांजनाला मात्र मनाई, आगीच्या भीतीने. बॅटरीच्या दिव्यांवर ओवाळलं. रात्री स्टेजवरची दुर्वान् दुर्वा वेचली, कारण सोमवारी तिथे पुन्हा शाळा.

शाळेच्या वेळेतली गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कमध्येच सरकारी मंडळाने बावीस इंग्रजी शब्दांची एक प्रार्थना तयार केली होती. त्यात कुठल्याच पंथाचं नाव नव्हतं. नको असेल त्या मुलाने गप्प राहावं किंवा बाहेर जावं, अशी मुभाही होती. तरी दहा मुलांचे पालक कोर्टात गेले आणि १९६२ साली जिंकले. लोकांसाठी प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे रेवाने डबा उघडून मनातल्या मनात 'वदनी कवळ' म्हटलं तर तिला कुणी अडवत नाही. तिच्या बाईंनी वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही.

खरं सांगते, पहिल्या वर्षी मला हे कोरडं वाटलं होतं. तुमच्या शाळेत परिपाठाला सगळ्यांनी हात जोडून म्हटलेली सरस्वतीची प्रार्थना अजून कानात आहे. पण 'मुभा होती' हे वाचलं आणि मला शेवटच्या रांगेतली नसीम आठवली. तिलाही मुभा होती. तुम्ही तिला कधी एका शब्दाने बोलला नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ती रोज मान खाली घालून उभी राहायची आणि आम्ही मुली डोळे किलकिले करून तिचे हात बघायचो. वर्गात रेवा एकटीच मराठी आहे. इथे ती प्रार्थना असती तर त्या जागी ती उभी असती.

तुमच्यावर ठपका ठेवत नाही, बाबा. तुम्ही नसीमची फी स्वतःच्या पगारातून भरलीत, ते आईने मला सांगितलंय. ती अजून गावात असेल तर तिचा फोन नंबर कळवा. मला तिच्याशी बोलायचंय.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
सुमा